मायचं गाणं आणि माझं वाक्य

माझ्या हातून झालेलं पाप एका फितीवर आहे, आणि ते पुसता येत नाही.

गोष्ट अठ्ठावन्न सालाच्या सुमाराची. मी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात वायरमन होतो. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरनं त्याचा जुना टेपरेकॉर्डर आणि गिटार मला देऊन टाकली. रेडिओवर विलायती रॉक गाणी ऐकून माझं डोकं आधीच फिरलं होतं. तसं गाणं आपणही करायचं, ह्या हट्टाला पेटलो. पण सोबतीला वाजवणारे कुठून आणू? तेव्हा ठरवलं, एकाच फितीवर आवाजाचे थर चढवायचे.

युक्ती साधी होती. मशीनमध्ये जुनं पुसणारा एक भाग असतो. तो आणि फीत यांच्यामध्ये सिगारेटच्या पाकिटाचा कागद सरकवला की जुनं राहतं आणि नवं त्यावर चढतं. फक्त नवं भरताना जुनं ऐकू येत नसे. म्हणून फितीवर खडूची खूण केली. ती दिसली की मी मान हलवायची, पुढचं सगळं अंदाजानं. सर्वांत वरचा थर ठळक यायचा, खालचे फिके पडत जायचे.

शब्द मायचे घ्यायचे ठरवलं. माझी माय मूल गावाकडच्या खेड्यातली, तळ्यात मासोळ्या धरणारी, पावसाळ्यात धान रोवायला जाणारी. रोवण्याचं गाणं म्हण म्हटलं तर तयार होईना. एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची, अशी रीत. "एकटीनं म्हटलं का ते रडणं होते, बापू," म्हणाली. मग मी सांगितलं, तुझी झील तूच धर. आधी तिनं गाणं म्हटलं, मग मांडीवर थाप मारत स्वतःच्याच गाण्याला झील दिली. कानावर काही पडत नव्हतं, तरी बाई एका ठेक्यालाही चुकली नाही. पहिलं कडवं लावून ऐकवलं तर पोरीसारखी हरखली. "मीच मले झील देऊन राह्यली!" म्हणत शेजारणींना संध्याकाळी ऐकायला बोलावून आली.

मग ती मागच्या अंगणात मासोळ्या घासत बसली आणि मी तिच्या गाण्यावर गिटार भरायला घेतली. गाणं अर्ध्यावर आलं असेल, तोच कारखान्यातले एक साहेब मशीन बघायला आले. अंगणातून आले होते, नाकाला रुमाल. मी गिटार ठेवून ताडकन उभा राहिलो. फीत बंद करायचं भानच राहिलं नाही. साहेबांनी विचारलं, मागं बसलीय ती बाई कोण?

"कामाची बाई आहे, साहेब."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्यावर कुणी सुरी धरली नव्हती. मला मासोळ्यांच्या वासाची लाज वाटली, बस्स, दुसरं काही नाही. साहेब उभ्याउभ्या मशीन बघून निघून गेले.

संध्याकाळी शेजारणी जमल्या. माय लुगडं बदलून मधोमध बसली. मी फीत लावली. गाणं सुरू झालं, झील आली, बाया माना डोलवायला लागल्या. आणि गिटार थांबली तिथं साहेबांचा प्रश्न आला, आणि मागोमाग, सगळ्याच्या वर, खणखणीत, माझा आवाज. मी झडप घालून बटण दाबलं, पण व्हायचं ते झालं होतं. शेजारणी जमिनीकडं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माय हसली. म्हणाली, "खरंच तं बोलला. घरचं काम मीच तं करून राह्यली." आणि चहा टाकायला उठली.

तेवढंच वाक्य पुसावं, तर त्याखालचा तिचा आवाजही जाणार. ते धाडस झालं नाही, आणि तिची माफी मागायचंही झालं नाही. पुढं कधीतरी ती म्हणायची, लाव रे माह्यं गाणं. त्या जागेच्या थोडं आधी हात वर करायची, "इथी थांबव." मी थांबवायचो. माझ्यासाठीच ती तिथं थांबते, हे कळत होतं.

ती गेल्यावर फीत लावली. हात वर करायला कुणी नव्हतं. माझं वाक्य आलं, गेलं, आणि गाणं चालूच राहिलं. पुढं तिची आणखी दोन कडवी होती, झीलसकट. ती तिनं कधीच ऐकली नाहीत.