हँडब्रेकचा नट

हे मी एका माणसाला सोडून कुणालाही सांगितलेलं नाही. त्या एकालाही सांगितलं ते एवढ्यातच. बायकोला माहीत नाही — आणि तिच्यापासून मी बाहेर खाल्लेला मसाला डोसासुद्धा लपवू शकत नाही. मग हे इतकी वर्षं कसं लपलं? लपलं, कारण माझ्याबद्दल असं काही कुणाच्या मनातच येत नाही.

माझं काम मोजण्याचं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तयार भाग केसभर जाड निघाला तरी परत पाठवतो; मग तो बनवणारे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. घरीही तेच. लहानपणापासून मी एक वाक्य ऐकत आलोय — “रघूनं बघितलंय ना? मग झालं.” आईचं वाक्य, आप्पांचं, अक्काचंही. अक्काचं सगळ्यात जास्त.

गाडीपासून सुरू करतो. ते मला सोपं जाईल.

चामराजपेटेत आप्पांचं लग्नाकार्याला भांडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. पातेली, कढया, पंगतीच्या बादल्या, हे सगळं न्यायला एक पिकअप होती. जीपसारखं तोंड, गोल हेडलाइट, मागे लोखंडी हौदा आणि साखळीवर उघडणारा फाळका. ती गाडी चालवायची माझी अक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. त्या काळात साडीचा पदर खोचून पिकअप चालवणारी मुलगी आमच्या पेटेत दुसरी नव्हती. कल्याणमंटपाच्या मागच्या बोळात गाडी उलटी घालताना आचारी बाहेर येऊन बघत उभे राहायचे. एकदा एकानं विचारलं, “अक्का, येईल ना आत?” ती म्हणाली, “गाडी येईल. तुम्ही पोट आत घ्या.” दुकान पुढे तीच बघणार, हे आप्पांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण चावी तिच्या कमरेला असायची.

गाडीची निगा माझ्याकडे होती. मी सतरा वर्षांचा होतो, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आप्पा गेल्यावर दुकान बंद झालं. गेल्या वर्षी गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा गाडी कोपऱ्यात चार सपाट टायरांवर बसलेली होती. भंगारवाला आला होता. मी त्याला पातेली दिली, गाडी दिली नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे आमच्या घराला बाजूला जरा मोकळी जागा आहे. तिथे ओढून आणली. सगळ्यांना सांगितलं — निवृत्तीच्या आधीचा छंद. छंद? मी आयुष्यात पोस्टाची तिकिटंसुद्धा जमवलेली नाहीत.

रंग खरवडायला घेतला. वर निळा, खाली क्रीम, त्याखाली मूळचा हिरवा. पायाखालचा पत्रा गंजून इतका पातळ झाला होता की बोटानं भोक पडलं. तो कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. पुट्टी अगदी थोडी लावली. जाड पुट्टी म्हणजे पत्र्याबद्दलचं खोटं, हे मी मदतीला आलेल्या भाच्यांना दोनतीनदा ऐकवलं. ऐकवताना जीभ कशी अडखळली नाही माझी? दाराची रबरं जे. सी. रोडवर मिळाली, हेडलाइटची एक कडी शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात, जुन्या मिक्सरांच्या ढिगाखाली. समोरचे गौडा रोज फाटकापाशी थांबून विचारायचे, “इन्नू मुगीलिल्वा, सार?” अजून संपलं नाही का? मी म्हणायचो, “स्वल्प बाकी.” थोडंच बाकी.

ते थोडं म्हणजे हँडब्रेक. इंजिन झालं, वायरिंग झालं, रंगाचा पहिला हात झाला. हँडब्रेकला मी हात लावला नव्हता. आणि मागच्या फाळक्यावरचा पोचा तसाच होता — मध्यभागी, ताटाएवढा. हातोडी घेऊन दोनदा त्याच्यासमोर बसलो आणि दोनदा उठलो.

आता सांगायलाच हवं, नाही का?

आयुधपूजा आमच्याकडे मोठी. आमच्या जुन्या मराठी घरात तिला खंडेनवमी म्हणतात, पण पेटेत राहून सगळे आयुधपूजाच म्हणू लागले. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होऊन ती उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईचा हा नियम कडक होता. विळीसुद्धा पाटावर जायची. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असायची. सूट फक्त गाडीला.

त्या वर्षी नवमीच्या सकाळी मी हँडब्रेकची केबल ग्रीस करायला सोडली होती. गाडी पूजेला उभी राहायची तर आतूनही स्वच्छ हवी, असं माझं म्हणणं. केबल परत बसवली, नट बोटांनी फिरवून लावला, आणि पाना आणायला घरात गेलो. पाने आईनं मधल्या वेळात नेऊन पाटावर मांडले होते. हळदकुंकू लागलेलं, झेंडूचं फूल वाहिलेलं. आई म्हणाली, “उद्या. आता हात लावायचा नाही.” मी म्हटलं, बरं. नट ढिला आहे, एवढं मी बोललो नाही. का नाही बोललो? काम अर्धवट ठेवून मी आत आलो होतो, आणि माझं काम अर्धवट असतं हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यापलीकडे काही कारण नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळीला होतो. बाहेर पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. अक्का बन्नीची, म्हणजे शमीची पानं द्यायला मामांकडे निघाली होती. मामांचं घर चढावर. त्या गाडीचा गिअर उभ्या गाडीला धरत नसे, सगळी भिस्त हँडब्रेकवर. हे मला त्या क्षणी, अंगावर पाणी असताना, स्वच्छ आठवलं. न्हाणीघरातून हाक मारली असती तर तिला ऐकू आली असती. मी तांब्या भरला आणि डोक्यावर ओतला. म्हटलं, बोटांनी लावलाय, पण धरेल.

थोडा वेळ धरला. अक्का आत जाऊन पानं देऊन नमस्काराला वाकली तेवढा वेळ. मग गाडी मागे उताराला लागली आणि फाळक्याकडून समोरच्या घराच्या भिंतीवर जाऊन आदळली. त्या घरची लहान मुलगी तिथेच रांगोळीत रंग भरत होती. पिवळा संपला म्हणून आत गेली होती. रांगोळीवरून चाक गेलं.

कुणाला लागलं नाही. लोकांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. त्या गडबडीत लिव्हर वर होता की खाली, ते कुणी बघितलं नाही. अक्का घरी आली तेव्हा पांढरी पडली होती, पण ठाम होती. “मी ओढला होता, आप्पा. माझ्या हाताला आठवतंय.” आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “रघू, ब्रेक बघितला होतास?”

“हो. बरोबर होता.”

हे खोटं. पण माझी कबुली यासाठी नाही. घाबरलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून असं निघतं, हे तुम्ही म्हणाल आणि मी स्वतःलाही पुष्कळदा म्हटलंय. मी कबूल करतोय ते त्यानंतरचं.

आप्पा भिंतीबद्दल बोलायला मामांकडे परत गेले. तोवर पूजा झाली होती, पाने मोकळे झाले होते. मी गाडीखाली गेलो. नट जवळजवळ सुटून आला होता. मी तो घट्ट केला, पुरता घट्ट. हात पुसले. आप्पा आल्यावर म्हटलं, “ब्रेक तपासून बघू या ना. सगळ्यांसमोर.” कुणी मागितलं नव्हतं. मीच म्हटलं. गाडी आमच्या गल्लीच्या उतारावर नेली, अक्कालाच आत बसवलं, तिलाच लिव्हर ओढायला लावला. गाडी जागची हलली नाही. आप्पांनी ढकलून बघितली. शेजारच्यांनी ढकलून बघितली.

मी अक्काचा चेहरा बघत होतो. तिचा हात लिव्हरवरच होता. त्या हाताकडे ती अशी बघत होती, जणू तो तिचा नव्हेच. मग खाली उतरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू इतकं नीट केलं होतंस रे. मीच विसरले.”

माफी तिनं मागितली. माझी.

चावी तिनं स्वतःच काढून दिली. दुकानाला ड्रायव्हर ठेवला. पुढे तिचं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला, संसार चांगला झाला — गाडी गेली म्हणून ती रडत बसली असं नाही. तिचं गेलं ते वेगळंच. गॅस बंद केला की परत जाऊन बघायची, आणि परत. कुलूप ओढून बघायची, मग नवऱ्याला ओढायला सांगायची. पुढे घरात सगळे हसून म्हणायला लागले, अक्काला काही सांगू नका, ती विसरते. तीही हसायची. या बाईला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर पाठ आहेत. कुठल्या मंटपाला किती पातेली गेली आणि कुठलं पातेलं चेपून परत आलं, ते आजही सांगते. ती काहीही विसरत नाही. त्या दिवशीही विसरली नव्हती. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो मी होतो.

मग मी आत्ताच का बोललो? तिची मुलगी नेत्रा व्हाइटफील्डला असते. बाळ झालंय, रजा संपत आली होती. तिनं आईला राहायला बोलावलं. अक्का नाही म्हणाली. मी समोर होतो. “पाळणाघर बघ नेत्रा. माझ्या भरवशावर मूल नको ठेवूस. मी विसरते गं. एकदा एक मूल थोडक्यात वाचलंय माझ्या हातून.” नेत्राचे डोळे भरले, तिला वाटलं आईला यायचंच नाही. आणि अक्काच्या हातात बाळासाठी विणलेलं टोपरं होतं.

तुम्ही असता तर त्या रात्री झोपला असता?

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी अक्काला घरी बोलावलं. गाडी बघायला, म्हणून. बायको बाजारात गेली होती. अक्का गाडीभोवती फिरली, मडगार्डवरून हात फिरवला, म्हणाली, “हिरवा रंग छान. आप्पांनी निळा उगाच दिला होता.” फाळक्यापाशी आली आणि पोच्यासमोर थांबली. तेव्हा मी सांगितलं. जसं इथे लिहिलंय तसंच. आंघोळीचा तांब्या, नट, गल्लीतला उतार, सगळं.

मी वाट बघत होतो — रडण्याची, थोबाडीत मारण्याची. दोन्ही मला चाललं असतं. ती म्हणाली, “म्हणजे मी ओढला होता.”

“हो.”

“माझ्या हाताला आठवत होतं.”

“हो, अक्का.”

मग तिनं पदर खोचला. “सरी, ठीक आहे. कुठला नट, दाखव.”

अठ्ठावन्न वर्षांची बाई चटईवर आडवी होऊन गाडीखाली शिरली. मी टॉर्च धरला. हँडब्रेकची केबल अजून जुनीच होती. म्हटलं ना, मी तिला हात लावला नव्हता. नवी आणून ठेवली होती. तिनं जुनी माझ्याकडून सोडवून घेतली, नवी बसवायला लावली आणि नट स्वतः आवळला. पाना माझ्या हातात परत देण्याआधी पुन्हा एकदा आवळला. बाहेर येऊन चालकाच्या जागी बसली. तेहतीस-चौतीस वर्षांनी. इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला लागलं, गिअर पडताना कुरकुरला, आणि गाडी फाटकाबाहेर निघाली. गौडा गेटवर होते. पहिल्यांदाच त्यांना काही विचारायचं सुचलं नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चढ आहे. तिथे तिनं गाडी थांबवली, लिव्हर ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“रघू. मागे जाऊन उभा राहा.”

“कुठे?”

“फाळक्यामागे. पोच्यासमोर.”

मी जाऊन उभा राहिलो. पोचा बरोबर माझ्या छातीपाशी येत होता. इंजिन बंद झालं. पुढून आवाज आला, “गिअर काढला. आता पाय उचलते.” आणि तिनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढून मला दाखवले.

गाडी किंचित मागे दबली आणि थांबली. धरली. ती मुद्दाम उतरली नाही. मीही बाजूला झालो नाही. कितीही वेळ उभा राहिलो असतो.

घरी आल्यावर तिनं नेत्राला फोन लावला. “सोमवारपासून येते. पाळणा खिडकीपाशी नको, सकाळचं ऊन येतं.” माझ्याशी फारसं बोलली नाही. चहा घेतला नाही. जाताना गाडीची चावी कमरेला खोचून घेऊन गेली.

त्यानंतर ती इथे तीनदा आलीये. गाडी काढते, एक फेरी मारते, आणून लावते. कधी नेत्रा आणि बाळ बरोबर असतात. बाळाला हॉर्न आवडतो. माझ्याशी बोलते तेव्हा कामापुरतं बोलते. फाळक्यावरचा पोचा अजून आहे. तो काढायचा की ठेवायचा, ते तिच्या गाडीवर तिनं ठरवायचं.

बायको लवकरच हे वाचेल. भाचे वाचतील, ज्यांनी अक्काला विसराळू म्हणत हसायला आमच्याकडूनच शिकून घेतलं. म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. त्या दसऱ्याला अक्कानं हँडब्रेक ओढला होता. नट मी ढिला सोडला होता. आणि नंतर तो घट्ट करून मी तिला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं.