कोपरा कापलेलं कार्ड

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही मला पुन्हा ती गोष्ट सांगायला लावलीत. मोठ्या आजीची आणि कार्डाची. मी सांगितली. तुमच्या आजोबांच्या थोरल्या वहिनी, ज्यांना मी अक्का म्हणते आणि तुम्ही मोठी आजी म्हणता, त्या दिवाळीचं कार्ड बघून रडत रडत गावाहून लातूरला कशा आल्या, ते मी पदर तोंडाला लावून, हेल काढून करून दाखवलं. तुम्ही दोघं सोफ्यावर लोळून हसलात. फोन बंद झाला तेव्हा पदर अजून माझ्या हातात होता.

ही गोष्ट मी तुम्हाला कायम अर्धी सांगत आले. उरलेली आता लिहून पाठवते आहे, कारण तोंडाने सांगायला गेले तर मी पुन्हा तिची गंमत करीन. बाबाला वाचून दाखवायला सांगा. पूर्ण गोष्ट त्यालाही माहीत नाही. आणि "आजी, हल्ली कार्डं का करत नाहीस?" असं तुम्ही विचारता तेव्हा मी डोळ्यांचं कारण सांगते, ते खोटं आहे. माझे डोळे चांगले आहेत.

कार्डं कापायचं यंत्र तुम्हीच सुट्टीत येताना माझ्यासाठी आणलं होतं. दोन रूळ, बाजूला हँडल. खाली जाड पाटी ठेवायची, तिच्यावर पारदर्शक प्लेट, प्लेटवर कागद, कागदावर पोलादाचा साचा पालथा, आणि वर आणखी एक प्लेट. हँडल फिरवलं की ही सगळी चळत रसवंतीतल्या उसासारखी एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मध्ये प्लेटा अशा कडकडतात, की पहिल्या दिवशी मी ते मोडलं असं समजून हात काढून घेतला होता. साचा उचलला तर खाली पणती, अगदी वातीसकट, स्वच्छ कापून पडलेली.

मी वेडी झाले त्या यंत्रासाठी. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरींच्या वह्यांना समास आखून दिले. मला नीटनेटकेपणाची हौस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. साचे मी पाकिटांत घातले, पाकिटांवर आकडे टाकले. जाड कागद गंजगोलाईच्या बाजारातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आणायचे. तो म्हणायचा, "बाई, या वयात कोणाचं लग्न काढलं?"

त्या वर्षी दिवाळीला मी सगळ्यांना हाताने केलेली कार्डं पाठवायची ठरवली. आधी यादी केली. सोबतच्या निवृत्त शिक्षिका, शाळेचे जुने मुख्याध्यापक, नांदेडच्या मैत्रिणी, तुम्ही. अक्कांचं नाव यादीत शेवटी होतं. आता हे लिहिताना ती यादी मी शोधून काढली. शेवटीच आहे.

शेवटून दुसऱ्या कार्डाला कागद प्लेटवर तिरका सरकला आणि त्याचा उजवा कोपरा रुळाखाली चिरडला. बाकी कार्ड सुरेख होतं: पणती, खाली इंग्रजी अक्षरांत ‘विथ लव्ह’. साच्यांमध्ये मराठी अक्षरं नव्हतीच. जाड कागद फेकून द्यायला जीव होईना. मग मी तो चिरडलेला कोपराच तिरका छाटून टाकला. एकच कोपरा. चारही कापले असते तर कार्ड लहान झालं असतं. कापल्यावर ते वाईट दिसेना. तरी मुख्याध्यापकांना पाठवण्यासारखं नव्हतंच. मनात आलं, अक्कांना चालेल.

आत काय लिहायचं हाही प्रश्न मला पडला नाही. अक्कांना वाचता येत नाही. मी आत काहीच लिहिलं नाही. पाकिटावर मराठीत पत्ता घातला, मागे माझं नाव लिहिलं आणि टाकलं पोस्टात.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. फोन घरोघर नव्हते तेव्हा आपल्याकडे कोणी गेल्याची बातमी पोस्टकार्डाने यायची, आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात ते दिसलं की घरातली बाई मटकन खाली बसायची. वाचायची गरज नसायची. असं कार्ड घरात नेत नसत. दारातच वाचून फाडून टाकत. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही कोपरा वाचता यायचा.

हे मला माहीत नव्हतं असं मी तुम्हाला सांगू शकले असते. पण मला असं कार्ड आलेलं आहे.

लग्नानंतर मी बी.एड.साठी नांदेडला वसतिगृहात राहिले. तुमचा बाबा तेव्हा दीड वर्षाचा. त्याला कोण सांभाळणार, म्हणून घरात सगळे नको म्हणत होते. अक्का चुलीपुढून म्हणाल्या, "जाऊ द्या की तिला. एक लेकरू मला जड न्हाई." त्याला खोकला झाला की त्या त्याला उराशी धरून बसून राहायच्या. मी सुट्टीत गेले की तो माझ्याकडे येईना; त्यांच्या लुगड्यामागे लपायचा, आणि अक्का त्याला माझ्याकडे ढकलत म्हणायच्या, "आरं, आई हाय ती. मास्तरीण झालीय नुसती."

त्या नांदेडच्या दिवसांत एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी शिपाईणबाईने माझ्या हातात कार्ड दिलं. कोपरा फाटलेला. धर्माबादला माझे वडील वारले होते. मी ते कार्ड कितीतरी वेळ उलटं धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी धर्माबादला पोचले, तर माझ्या मागोमाग अक्का दोन एस.ट्या बदलून आल्या, कडेवर तुमचा बाबा आणि फडक्यात भाकरी. विचारलं फक्त, "जेवलीस का?" आणि घास करून माझ्या तोंडात घातला.

म्हणजे कापलेला कोपरा काय असतो, ते मला ठाऊक होतं. सुबक कार्ड करताना आठवलं नाही, इतकंच.

आता ती दुपार. कॉलनीतल्या सहा-सात बायका माझ्याकडे यंत्र बघायला आल्या होत्या. खुर्च्या पुरेनात म्हणून मी सतरंजी अंथरली होती. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. मी हँडल फिरवत होते आणि बायका "अय्या" म्हणत होत्या, आणि मला ते फार आवडत होतं.

दारात अक्का उभ्या राहिल्या. पायांत चपला नव्हत्या. एका जिपड्यातून आल्या होत्या, केस सुटलेले. त्यांनी दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला. सतरंजीवर बसलेल्या बायका पाहिल्या. आपल्याकडे बायका अशा कधी बसतात, ते मला नंतर उमगलं. अक्का उंबऱ्याशीच बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. खेड्यातल्या बाया रडतात तसा, लांब हेल काढून. मी तुम्हाला करून दाखवते तो.

बायका घाबरून उठल्या. मी पुढे झाले तर अक्कांनी पोलक्यातून ते पाकीट काढलं. घामाने ओलं झालेलं. कार्ड अर्धं बाहेर आलं आणि मला कोपरा दिसला. मला एका क्षणात सगळं कळलं. कार्ड माझ्याकडून, हे पोस्टमनने नाव वाचून सांगितलेलं, आणि वर इंग्रजी अक्षरं. माझ्या घरातलं परदेशात कोण आहे? तुमचा बाबा. अक्कांनी मला फोन केले होते. मी उचलले नाहीत. नंतर पाहिलं, सात होते.

आणि मी हसले.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गोष्टीत मी सांगते की सगळे हसले. आधी मी हसले. बायकांकडे वळून मी आधी इंग्रजीत सांगितलं, की यांचा गैरसमज झालाय, खेड्याकडच्या आहेत. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांचा मुलगा जिवंत आहे हे मी त्यांच्याआधी त्या बायकांना सांगत होते, अक्कांना न कळणाऱ्या भाषेत.

"जित्ता हाय का?" अक्कांनी विचारलं.

"अहो अक्का, काय हे! दिवाळीचं कार्ड आहे ते. कोणाकडून वाचून तरी घ्यायचं."

"वाचून कुणाकडून घिऊ? दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं तर खरं झालं असतं. पोरगा-सून सोयाबीनच्या राशीला गेलेत, त्यांना बी सांगितलं न्हाई. म्हणलं, तुझ्याच तोंडून ऐकावं."

"आणि हा कोपरा?" एका बाईंनी विचारलं.

"डिझाइन आहे," मी म्हणाले.

दुसरी म्हणाली, "बाई, तुमच्या डिझाइनने जीव घेतला असता की म्हातारीचा!" मग सगळ्या मोकळेपणी हसल्या. अक्काही पदराने नाक पुसत हसल्या. म्हणाल्या, "मी बी येडीच. जाऊ द्या, पोरगं खुशाल हाय ना." आणि आत जाऊन स्वतःच माठातलं पाणी घेऊन प्यायल्या. मी बायकांना पुढची पणती कापून दाखवली. मला कार्यक्रम मोडू द्यायचा नव्हता.

थोड्या वेळाने अक्का पुढे आल्या आणि मळणीच्या राशीचं कारण सांगून निघाल्या. मी सोनेरी कागदाचं एक चांगलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "हायेच की एक," म्हणाल्या, आणि कोपरा कापलेलं घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी बाबाला फोन करून सगळं हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, "मोठी आई जेवली का?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढे तीच गोष्ट मी लग्नकार्यात सांगितली, शिक्षिकांना सांगितली, तुम्हाला सांगितली. जितकी सांगितली तितकी ती अक्कांची गोष्ट होत गेली आणि त्यातली मी कमी होत गेले. यंत्र मात्र मला फिरवता येईना. कागद आत सरकवला की हात थांबायचा. मग मी त्यावर टेबलक्लॉथ टाकला.

तुमच्याशी बोलून झालं त्या रविवारनंतर मंगळवारी मी गावी गेले. अक्का ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. सुपावरून नजर न काढता म्हणाल्या, "आज कसं काय मास्तरीणबाई? शाळा सुटली का?"

मी जवळ बसले. मनात नीट मुद्दे मांडून आले होते, पण भलत्याच टोकापासून सुरुवात झाली. "अक्का, तो कोपरा डिझाइनचा नव्हता. कार्ड यंत्रात खराब झालं होतं. खराब झालेलं तुम्हाला पाठवलं. चांगली दुसऱ्यांना पाठवली."

"ठावं हाय मला. चुरगळल्याची रेघ दिसत व्हती की."

"आणि मी हसले."

सूप थांबलं. "हाव. हसलीस."

मग अक्का म्हणाल्या, "आन् मी कशी रडले, ते लेकरांना करून दाखवतीस म्हणं. सून सांगत व्हती."

"हाव," मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द आला.

"दाखव बघू."

"अक्का, नको."

"दाखव म्हणते ना."

मला ते टाळता आलं नाही. मी खालच्या आवाजात म्हणाले, "अरं माझ्या लेकरा..."

"चुकलं," अक्का म्हणाल्या. "लेकरा न्हाई म्हणले मी. माझ्या सोन्या, म्हणले. त्याला मी कवाच लेकरा म्हणून हाक मारली न्हाई. दाखवायचं तर नीट दाखव."

मग त्यांचा हात धरून मी "माफ करा" म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण "जाऊ दे" असंही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळधरनं पोटात काय नव्हतं माझ्या. जीप लागली परत जाताना." एवढंच. मग सुनेला हाक मारून माझं पान वाढायला सांगितलं, आणि मी जेवत असताना समोर बसून राहिल्या.

निघताना त्यांनी पत्र्याची पेटी उघडून कार्ड दाखवलं. कोपरा कापलेलं कार्ड घरात ठेवू नये, म्हणून त्यांनी त्याला कोपरा लावून घेतला होता. आगपेटीचा निळा कागद, कणकेच्या खळीने चिकटवलेला. थोडा वाकडा. मी सोबत पेन घेऊन गेले होते. आत काही लिहू का, विचारलं. "आता कशाला?" म्हणाल्या, आणि पेटी लावली.

म्हणून पुढच्या रविवारी ती गोष्ट मागू नका. मागायची असेल तर बाबाकडून मोठ्या आजीची दुसरी कुठलीही मागा, त्याच्याकडे पुष्कळ आहेत.

टेबलक्लॉथखाली यंत्र अजून धड आहे. प्लेटांवर चरे पडले आहेत, पण साचे सगळे आहेत, आकड्यांच्या पाकिटांत. अक्का आहेत. आणि ते कार्ड त्यांच्या पेटीत आहे, चारही कोपऱ्यांसकट. आत ते अजून कोरंच आहे.