वंदनाताईंच्या साइनवर

बायकोला हे माहीत नाही. भाऊसाहेबांना सांगायला हवं होतं, पण ते गेले आणि ते राहूनच गेलं. राहूनच गेलं — बघा, अजूनही मी कसा बोलतो! राहून काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

अकरा वर्षं झाली. आता मला लोक संदीपभाऊ म्हणतात. बुलढाण्यातल्या ऑफिसच्या पाटीवर माझं नाव आहे. "तुमच्या हातचं तिकीट म्हंजे पक्कं," असं एखादं गिऱ्हाईक सहज म्हणून जातं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. आज तुम्हाला सांगतो. पण आधी त्या कॉम्प्युटरच्या पडद्याबद्दल आणि वंदनाताईंबद्दल बोलू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. ऑफिस भाऊसाहेबांचं; ते माझ्या मामांचे मावसभाऊ, म्हणून चिकटलो. माझी समजूत अशी की ट्रॅव्हल एजंट म्हणजे विमान कंपनीला फोन लावून जागा मागणारा माणूस. वंदनाताई हसल्या होत्या. त्या मूळ देऊळघाटच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. रोज ऑटोनं यायच्या. घरी आई आणि शिकणारा भाऊ, आणि घर चालायचं ते त्यांच्यावरच. त्यांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"हे पाह्य," म्हणाल्या, "मोताळ्याच्या बाजारात कसं, सगळे आपापला माल आणून मांडतात अन् घेणारा एकाच फेरीत पाहून घेते? तसंच हाये हे. विमानवाले, हॉटेलवाले, गाडीवाले, सगळे आपला माल ह्या जाळ्यात मांडतात. आपण इथून पाहाचं."

काळ्या चौकटीत त्यांनी एक तारीख आणि दोन शहरांची अक्षरं मारली. दुसऱ्या क्षणी ओळीच ओळी. कुठलं विमान, किती वाजता, कोणत्या दर्जात किती जागा. खरं सांगू? अंगावर काटा आला. बाहेर बसस्टँडवर मलकापूरच्या गाडीसाठी लोक ढकलाढकली करत होते, आणि इथं एका टेबलावर मस्कत, लंडन, सिंगापूर! लंडनचा एजंट जी जागा बघतोय तीच आम्ही बघतोय. आम्ही घेतली की त्याच्या पडद्यावरून ती गेली. तो मोठा, आम्ही लहान, असं तिथं काही नाही. तिथं बुलढाण्याला कुणी हसत नाही.

ते कौतुक अजून फिटलेलं नाही माझं. आज सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, पोरं स्वतःच तिकिटं काढतात. तरीही मी सकाळी तो पडदा उघडतो तेव्हा मला पहिला दिवस आठवतो.

वंदनाताईंना शेकडो आज्ञा पाठ होत्या. छोट्या छोट्या, दोन-तीन अक्षरांच्या. त्यांनी मला त्या शिकवल्या. कधी कंटाळल्या नाहीत, कधी माझी चूक भाऊसाहेबांसमोर काढली नाही. आणि एक नियम रोज सांगायच्या. प्रत्येक एजंटची आपली एक साइन असते, म्हणजे आत शिरण्याची खूण. जे कराल ते त्या साइनवर नोंदलं जातं, मिनिटासकट. पुसता येत नाही. दुसऱ्याच्या साइनवर काम करायचं नाही.

आता तो दिवस.

वरवट बकालच्या कमलाबाई इंगळे. शेती करणाऱ्या, नवरा वारलेला, एकच लेक — ती मस्कतला. तिचे दिवस भरत आले होते आणि कमलाबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. तिकीट वंदनाताईंनी काढलं होतं. त्याच सुमारास आमच्याकडे दुसरे एक इंगळे होते, कैलास इंगळे. त्यांचंही मस्कत. त्यांची जागा नुसती धरून ठेवलेली होती, तिकीट निघालेलं नव्हतं. त्यांनी फोन करून सांगितलं, जाणं रद्द, जागा सोडा.

दुपार होती. वंदनाताई मागच्या खोलीत डबा खायला गेल्या होत्या. त्यांचा पडदा उघडाच होता. माझा उघडायचा, माझी साइन मारायची — कोण करतो? मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. इंगळे मारलं. दोन नावं आली. मी वरचं उघडलं. रद्द करण्याची दोन अक्षरं मारली, नोंद बंद केली, उठलो. नाव वाचलं का? नाही वाचलं. ह्या प्रवाशाचं तिकीट निघालेलं आहे, अशी सूचना पडद्यावर आली असणार. तीही नाही वाचली. अर्धं मिनिट लागलं सगळ्याला.

कैलासरावांची धरून ठेवलेली जागा मुदत संपल्यावर आपोआप सुटली. त्यामुळे कुणाला काही दिसलंच नाही.

आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, मुंबईच्या विमानतळावरून कमलाबाईंचा फोन आला. फोन वंदनाताईंनी घेतला. समोरचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, हे पोरगी म्हणते का तुमची जागाच नाई. तिकीट हाये म्हणे, पन जागा नाई. काऊन बाई? मी तं कागद आनला न!"

वंदनाताईंनी नोंद उघडली. जागा गायब. मग त्यांनी त्या नोंदीचा इतिहास उघडला — कोणी, कधी, काय केलं. तिथं त्यांची साइन होती. तारीख होती. वेळ होती, एक वाजून चाळीस मिनिटं.

त्या रोज दीड वाजता डबा उघडायच्या. अख्ख्या ऑफिसला माहीत होतं ते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करत होतो माहीत आहे? पासपोर्टच्या झेरॉक्स लावत होतो. लावलेल्याच परत लावत होतो.

वंदनाताई पडद्याकडे वळल्या. आणि मग पुढचा पाऊण तास मी जे पाहिलं, ते मी कुणाला सांगितलं असतं तर किती अभिमानानं सांगितलं असतं! थेट मस्कतचं विमान भरलेलं. दुसऱ्या दिवशीचंही भरलेलं. वंदनाताईंनी त्याच विमान कंपनीची एकेका शहरातून जाणारी वाट शोधली. दिल्ली नाही, हैदराबाद नाही. कोचीवरून संध्याकाळी एक जागा दिसली. एकच. मुंबई ते कोची दुपारचं विमान, पुढं कोची ते मस्कत. त्यांनी ती जागा दिसताक्षणी धरली, कंपनीशी बोलून त्याच तिकिटावर नवा मार्ग चढवला. एवढ्यावर थांबल्या नाहीत. नोंदीत कोचीच्या कर्मचाऱ्यांसाठी निरोप टाकला: प्रवासी वयस्क, एकटी, पहिलाच प्रवास, फक्त मराठी समजते, हात धरून पुढच्या विमानापर्यंत न्यावं. शाकाहारी जेवणही टाकलं.

"मावशी," त्या फोनवर म्हणाल्या, "घाबरू नका. तुमी कोचीले उतरसान, तं दारात एक मानूस तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा राहीन. त्याच्यासंगं जायचं. हाव का?"

"हाव बाई. तू म्हनते तं जातो."

आणि माणूस खरंच उभा होता! कमलाबाईंनीच कोचीवरून सांगितलं. बुलढाण्याच्या बसस्टँडमागे एका बाईनं टाइप केलेल्या दोन ओळी त्या जाळ्यातून गेल्या, आणि चारशे कोस लांब, आपली भाषाही न कळणारा कुणी माणूस वरवट बकालच्या मावशीसाठी पाटी घेऊन दारात येऊन थांबला. मी टाळी वाजवली. हो, मी! वंदनाताई पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पण लेकीच्या कळा त्याच दुपारी सुरू झाल्या होत्या. कमलाबाई पोहोचल्या तेव्हा नात जन्मून दोन तास झाले होते. ठरल्या विमानानं गेल्या असत्या तर लेकीजवळ असत्या.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन भाऊसाहेबांना आला. "तिले ऑपरेशनले नेलं तवा मी कामावरून येऊन राह्यलो होतो. तिच्याजवळ आपलं एकबी मानूस नोतं. आई-आई करत आत गेली ते."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि विचारलं, "कोनी केलं हे?"

आता बघा. मी नात्यातला. मला काय झालं असतं? चार शिव्या. मामांच्या कानावर गेलं असतं. आठवडाभर मान खाली. एवढंच! हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. नोकरी जाईल अशी भीती असती तर निदान भीती तरी म्हणता आली असती.

वंदनाताई म्हणाल्या, "माह्या साइनवर झालं, भाऊसाहेब."

माह्या साइनवर. 'मी केलं' असं त्या म्हणाल्या नाहीत. शब्द नेमका टाकला आणि थांबल्या. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. किती वेळ थांबल्या? मला तरी फार वाटला. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो.

"या लोकाईवर भरोसा टाकला का असंच होते," भाऊसाहेब म्हणाले.

कोणते लोक, हे तिघांनाही कळलं. वंदनाताईंचं घर बौद्ध. चार वर्षं त्यांच्या कामावर ऑफिस चालवून झाल्यावर भाऊसाहेबांच्या तोंडून ते निघालं, आणि मला तेव्हाही तोंड उघडता आलं नाही. माझ्या चुकीची शिवी त्यांच्या अख्ख्या घराला, वस्तीला, समाजाला बसली. मी ग्लास खाली ठेवला.

महिनाअखेरीला त्यांना यायचं नाही म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, पर्स खांद्याला लावली आणि माझ्याजवळ आल्या.

"संदीप, तुह्यी बोटं चांगली हायेत. शिकशीन तू. फक्त नाव वाचत जाय, बाबू. त्याच्यामागं मानूस राह्यते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्या, आणि सोमवारपासून मी त्यांच्या खुर्चीत बसलो. पुढं भाऊसाहेबांनी ऑफिस माझ्या हवाली केलं. वंदनाताई अकोल्याला गेल्या, असं ऐकलं. पहिली दोन वर्षं एका दुकानात नुसता हिशेब लिहायचं काम करत होत्या, असंही ऐकलं. ज्या बाईला सगळं जग एका ओळीत मांडता यायचं, ती दोन वर्षं त्या पडद्यापासून लांब होती. आता त्या तिथल्या मोठ्या एजन्सीत आहेत, नवीन मुलामुलींना शिकवतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.

गेल्या उन्हाळ्यात वरवट बकालला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक म्हातारी जवळ आली. मी ओळखलं नाही. सोबत दहा-अकरा वर्षांची नात, सुट्टीत आलेली.

"तुमी बुलढान्याच्या ऑफिसातले न? ते वंदना बाई कुठं असते आता?" कमलाबाईंनी विचारलं. "तिनं तवा मले पोचवलं. लोक म्हनत, तिच्याचमुळं चुकलं. मी नाई मानलं. ज्याच्या हातून चुकते तो असा जीव लावून बसत नाई. तिले सांगजा, कमलाबाईनं आठवन काढली."

मी म्हणालो, "हाव, सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. कमलाबाईंची जागा मी रद्द केली होती.