फुलसिंग सरांचं एक मत

फुलसिंग राठोड सर दिग्रसच्या कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि बावीस वर्षांत कोणाच्या आधी खुर्चीत बसले नव्हते. दारात कोणी भेटलं की ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणायचे आणि चहा संपेपर्यंत दारातच राहायचे. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला म्हणजे बघा!

त्याला कारण रुपाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, बोरी अरबची. आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं कापूस पार खाऊन टाकला, तेव्हापासून गावातल्या अठरा वावरांत अळीची नोंद ठेवायचं तिनं मनावर घेतलं होतं. त्या अळीचा पतंग कधी येतो हे कळायला त्याला वासानं ओढणारे कामगंध सापळे हवेत. ते मिळणार विद्यापीठाच्या पदवी संशोधन परिषदेनं मंजुरी दिली तर. आणि परिषदेपुढे कोणाचा अर्ज न्यायचा हे ठरवणार कॉलेजातून निवडून गेलेला एकच प्राध्यापक. कपाशी पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आली होती. या खेपेला अर्ज हुकला की हंगाम गेला.

म्हणून शिपाई उकंडा निवडणुकीच्या सूचनेची वही घेऊन आला, तेव्हा सरांनी ‘उमेदवार’ या रकान्यात विचार करून सही केली. बाकीच्या दहा प्राध्यापकांनीही तिथंच केली, पण विचार न करता. उकंडाची वही आली की वाचायची नाही, वरच्या सहीखाली आपली ओढायची, ही कॉलेजची जुनी रीत. झालं! मतदार अकरा आणि उमेदवारही अकरा.

“चूक झाली असेल तर नावं मागे घ्या,” प्राचार्य म्हणाले. पण तोवर कोणीतरी बातमी आणली होती, की सदस्याला फोटोचं ओळखपत्र मिळतं आणि विद्यापीठात पहिल्या रांगेत बसवतात. मग काय विचारता!

“सलील सरांनी घेतलं की मी लगेच घेते,” सुचित्रा मॅडम म्हणाल्या.

“लोकशाहीत लढत व्हायलाच पाहिजे,” वयानं सगळ्यात मोठे सलील सर म्हणाले. परिषद नावाचं काही असतं, हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं.

मतदानाला फुलसिंग सर पेन घेऊन बसले. स्वतःच्या नावापुढे खूण करायची म्हणजे त्यांचे कान तापले. मागे रांगेत सलील सर खाकरत होते. आपणच आपल्याला कसं द्यायचं? इतकी माणसं आहेत, देतील की. त्यांनी सलील सरांपुढे खूण केली आणि त्यांना वाट करून दिली.

निकाल लागला. सलील सर दोन. नऊ जणांना एकेक. फुलसिंग राठोड शून्य.

“माझं मत तुम्हालाच होतं हो, राठोड सर,” सुचित्रा मॅडम हळहळल्या. मग एकेक करून बाकीचे नऊही जण येऊन हेच सांगून गेले. सलील सर तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मीही तुम्हालाच दिलं.” फुलसिंग सरांनी प्रत्येकाचे आभार मानले. काय म्हणावं या माणसाला!

रुपालीचा अर्ज घेऊन ते सलील सरांकडे गेले. “अळ्याबिळ्या नकोत,” सलील सर म्हणाले, “विद्यापीठात भारदस्त काहीतरी नेऊ.” आणि त्यांनी ‘ग्रंथालयातील शांततेचे स्वरूप’ हा विषय पाठवला.

रुपाली प्रयोगशाळेच्या दारात थांबली होती. सरांच्या हातात अर्ज पाहून ती काय ते समजली.

“एकही मत नाही भेटलं, सर? तुमी सोताले तरी देलं होतं ना?”

“मोठे होते ते, बाई. त्यायच्या समोर बरं नसतं दिसलं.”

“अन् आमच्यासमोर बरं दिसते काय, सर?” तिनं विचारलं आणि त्यांच्या हातातून अर्ज काढून घेतला.