घोडीला बोल लावायचा नाही

जनरलसाहेबांना जवळून ओळखणारा माणूस कोण, असं विचारलं की लोक नालबंदाकडे बोट दाखवायचे. साहेब गेल्यावर तर जास्तच. कुणीतरी यायचं, ऐरणीशेजारच्या खोक्यावर बसायचं आणि विचारायचं, "तुमचं त्यांचं अगदी घरच्यासारखं होतं ना?" नालबंद हातातली कानस चालवत राहायचा. काय सांगावं ते त्याला कळत नसे.

घोड्याचा पाय मांडीवर घेऊन वाकलेल्या माणसाला दुसऱ्याचे बूट तेवढे दिसतात. साहेबांचे बूट त्याला पाठ होते. कुठल्या बुटाला कुठे टाका घातलाय, कुठला बूट पाऊल टाकताना जरा मागे रेंगाळतो, सगळं. पण बुटांच्या वर जो माणूस उभा होता तो आपल्याला ठाऊक होता असं म्हणणं ही शुद्ध फुशारकी झाली असती. जे थोडंफार ठाऊक होतं, ते साहेबांच्या तोंडून कमी आणि नालांवरून जास्त.

ऐन तारुण्यात साहेबांचं कमरेचं हाड मोडलं होतं. ते पुढे जुळलं, पण तेव्हापासून ते घोड्यावर किंचित डाव्या अंगाला भार टाकून बसत. बघणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं, इतकी त्यांची मांड पक्की होती. घोडा भरधाव सुटला तरी त्यांच्या कोटाची पाठीवरची शिवण हलायची नाही. पण लोखंडाला कळायचं. त्यांच्या प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या नालाची बाहेरची कड आधी झिजायची. तांबडा घोडा गेला, मग पांढरा आला, तोही गेला, शेवटी काळी घोडी आली. ती कड तशीच झिजत राहिली. नालबंदाला ती सहीसारखी वाटायची.

साहेबांचे वडील कोळशाची गाडी हाकायचे. गाडी रिकामी झाली की घोड्याला पाण्यावर न्यायचं काम पोराकडे असे, आणि पोरगं जाताना उघड्या पाठीवर चढून बसे. "खोगीर म्हणजे काय ते मी सैन्यात गेल्यावर पाहिलं," असं साहेब एकदाच बोलले होते, तेही घोड्याकडे बघून. पुढे घोडदळात भरती, मग बढत्या, मग हाताखाली हजारो माणसं. मधेच कधीतरी सरकारने घोडे विकून टाकले आणि चिलखती गाड्या आणल्या. साहेबांनी त्या गाड्याही निवृत्त होईपर्यंत चोख चालवल्या म्हणे. पण त्यांच्या दिवाणखान्यात एकाही गाडीचा फोटो नव्हता. भिंतभर घोडे. एका फोटोत त्यांची बायको होती, तीही लगाम धरून, आणि तिचा अर्धा चेहरा घोड्याच्या मानेआड गेलेला.

"बघितलंत?" ती नालबंदाला चहा देताना म्हणायची. "आमच्या लग्नानंतरचा पहिला फोटो. मला सवत आहे हे फोटोवाल्यालाही कळलं, फक्त माझ्या वडिलांना कळलं नाही."

ती गेली आणि त्या घरातली बडबडच गेली. लेक लांबच्या शहरात. उरले साहेब आणि ती काळी घोडी, जिला ते 'बाईसाहेब' म्हणत. ज्यांच्या एका हाकेवर पलटणी उठायच्या ते साहेब त्या घोडीला मात्र विचारायचे, "बाईसाहेब, आज यायचंय का?"

साहेबांचा एक नियम होता. तो नालबंदाने त्यांच्या जुन्या शिपायाकडून ऐकला होता. एकदा मोठ्या पाहुण्यांसमोर एक स्वार कवायतीत धाडकन पडला. धूळ झटकत म्हणाला, "घोडा बिचकला, साहेब." साहेबांनी त्याला तिथल्या तिथे घोड्यासमोर उभं केलं, सलाम ठोकायला लावला आणि माफी मागायला लावली. पाहुणे हसले, पलटण हसली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "त्याला बोलता येत नाही. म्हणून काय त्याच्या नावावर काहीही खपवायचं?" नाचता येईना अंगण वाकडं हे सगळीकडे चालतं. साहेबांकडे अंगणाला बोल लावायची सोय नव्हती.

मग एका हिवाळ्यात साहेब पडले. अंगणातच, रिकिबीत पाय घालताना. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडलात तर उठायचं नाव नको. लेक आली, राहिली, रडली, आणि घोड्यावर बसायचं नाही असं वचन घेऊन परत गेली.

काही दिवसांनी साहेब पुन्हा बूट घालून फाटकाबाहेर दिसू लागले. घोडीवर खोगीर घातलेलं, लगाम हातात. रस्त्याच्या वळणापर्यंत ते तिला चालवत न्यायचे. वळणापलीकडे झाडी होती. तासाभराने तसेच चालत परत. कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "म्हातारा अजून दौडतो बरं का! आणि आपल्याला स्कूटरवर टांग टाकताना धाप लागते." साहेबांच्या कानावर ते जायचं. ते नुसती मान हलवायचे. "जमतं अजून," म्हणायचे.

नाल बदलायचे दिवस आले तेव्हा नालबंदाने घोडीचा पुढचा डावा पाय उचलला आणि नाल उपसून हातात घेतला. नाल झिजला होता, रोज रस्त्यावरून चालल्यासारखा. पण दोन्ही बाजूंनी सारखा. बाहेरची कड आणि आतली कड, तसूभर फरक नाही. त्याने दुसरा काढून बघितला. तोही तसाच.

वर कुणी बसलेलंच नव्हतं.

त्याने नवे नाल ठोकले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याचंही घर रिकामंच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा गावोगाव मोटारी दुरुस्त करत फिरायचा. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून तो रेडिओ लावून ठेवायचा. कोण कशाच्या आधाराने दिवस काढतो त्याची चौकशी करू नये, असं त्याला वाटे.

पण दुकानदाराची जीभ लांब. त्याने एक दिवस साहेबांच्या लेकीलाच फोन केला आणि तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ती दारात. नेमका त्याच सकाळी नालबंद अंगणात घोडीचे खूर तासत होता.

"कौतुकाने सांगत होता तो, बाबा! माझ्या हातातून फोन पडायचा राहिला."

"मग त्याला म्हणावं, कौतुक नको," साहेब ओसरीवरून म्हणाले.

"बसता की नाही तिच्यावर?"

"घोडी आहे ती. कपडे वाळत घालायला नाही ठेवलेली."

"म्हणजे बसता."

नालबंदाला साहेबांचे फक्त बूट दिसत होते. उजव्या बुटाचं टोक जरासं आत वळलं.

"ठीक आहे," लेक म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "घोडेस्वारीच्या शाळेतली माणसं उद्या येतील. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी. तिथे तिला चार घोड्यांची सोबत मिळेल आणि मला रात्रीची झोप. मी ओरडत नाहीये, बाबा. मला भीती वाटते."

मग ती नालबंदाकडे वळली. "काका, तुम्ही तरी खरं सांगा. तुम्हाला माहीत असेल. बसतात ना हे?"

घोडं इथेच पेंड खात होतं. 'बसत नाहीत' एवढं म्हटलं की घोडी राहिली असती. पण ते साहेबांना स्वतःला म्हणता येत नव्हतं. ते म्हणण्यापेक्षा घोडी गेलेली त्यांना चालणार होती की काय? नालबंदाला त्या बुटांवरून काही उमगेना. त्यांच्या लेकीसमोर आपण ते बोलायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचा शेवटचा कपडा ओढल्यासारखं. आणि न बोलावं तर उद्या अंगण रिकामं.

त्याने घोडीचा पाय तसाच मांडीवर धरून ठेवला आणि तिसरंच काहीतरी बोलून गेला.

"ताई, हिच्यावर कुणालाच बसता यायचं नाही. हिचा पुढचा पाय गेलाय. आतून. मीच सांगितलं साहेबांना, बसू नका म्हणून. ते नुसती चालवून आणतात."

"मग खोगीर कशाला?"

"सवय असते जनावराला. खोगीर नसलं की खट्टू होतं."

लेकीने मोठा श्वास सोडला. पायरीवर बसलीच ती. "खरं का, बाबा? तिचा पाय अधू आहे? मग शाळावाले तरी कशाला नेतील तिला. राहू दे ना इथेच. तुम्ही नुसतं हो म्हणा."

साहेबांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. घोडी राहिली असती, अब्रू राहिली असती, दुकानदाराला त्याचा दौडणारा म्हातारा राहिला असता.

बूट ओसरीवरून उतरले, हळूहळू, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

"पाय सोड तिचा," साहेब म्हणाले.

नालबंदाने पाय खाली ठेवला आणि कण्हत उभा राहिला. आता त्याला साहेबांचा चेहरा दिसला. ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात घोडीच्या मानेवर होता.

"घोडीला काही झालेलं नाही. चारही पाय ठणठणीत आहेत. आज कुणी बसलं तर टेकडी चढून येईल ती." त्यांनी तिची आयाळ सारखी केली. "मला चढता येत नाही. पाय रिकिबीपर्यंत जातच नाही. पडलो त्या दिवसापासून बसलेलो नाही. वळणापर्यंत नेतो, झाडीत एका दगडावर बसतो आणि परत आणतो."

घोडीने शेपटीने माशी हाकलली.

"मग सांगायचं ना मला," लेक म्हणाली.

"काय सांगायचं?"

ती उठली, वडिलांच्या बाहीला लागलेला गवताचा तुकडा तिने काढला, आणि शाळावाल्यांना येऊ नका म्हणून सांगायला आत गेली.

"तुला ठाऊक होतं," साहेब म्हणाले.

"नालावर दिसतं, साहेब."

"मग तिला का बोल लावलास?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी, तिच्या नावावर?" साहेबांचा जुना आवाज क्षणभर परत आला. "माफी माग तिची."

नालबंदाला आधी वाटलं थट्टा आहे. नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी काढली, घोडीच्या तोंडासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं, बाईसाहेब." घोडी त्याच्या खांद्यावर सणसणीत शिंकली. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणता येईल की नाही याबद्दल नालबंदाची खात्री नाही.

"आता ते नाल काढून टाक," मग ते म्हणाले.

"नवे ठोकतोच आहे की."

"नको. मी तिला मागच्या कुरणात फिरवीन. गवतात लोखंड कशाला? आणि तिथे कुणी बघत नाही."

नालबंदाने उरलेले नाल उपसले. खिळा निघताना नेहमी होतो तसाच आवाज झाला. घरी परतताना त्याला कळलं की नाल नाहीत म्हणजे आपली खेपही नाही. अधूनमधून खूर तासायला जायचं, तेवढंच.

त्यानंतर साहेब रस्त्यावर दिसले नाहीत. दुकानदार काही दिवस विचारत राहिला, मग त्याला दुसरा विषय मिळाला. नालबंद जाई तेव्हा साहेब पालथ्या बादलीवर बसलेले असत, पायात चपला. ती पावलं त्याला अनोळखी वाटत. पांढरी, शिरा फुगलेली, कुणाही म्हाताऱ्याची. एकदा त्याच्या मनात आलं, विचारावं, कोळशाच्या गाडीच्या घोड्यावर पहिल्यांदा बसलात तेव्हा काय वाटलं होतं? पण तोंडात खिळे धरलेले नसतानाही त्याला बोलायचं सुचलं नाही.

साहेब गेल्यावर घोडी शेवटी त्या शाळेतच गेली. तिथेही तोच जातो. तिच्यावर रोज नवं पोर बसतं, आणि नाल सगळीकडून सारखा झिजतो.

साहेब असतानाच्या शेवटच्या खेपेलाही विशेष असं काही झालं नव्हतं. खूर तासून झाले, त्याने हत्यारं गुंडाळली. साहेब बादलीवरून उठले नाहीत.

"जाताना फाटकाची कडी लाव. परवा बाहेर पडली होती ही."

"लावतो. सैल झालीय ती कडी. पुढच्या खेपेला ठोकून देईन."

"बरं."