आडवी ठेवायची बाटली

सौदीतल्या धाहरानच्या आमच्या तेलाच्या प्रयोगशाळेत काणे कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी हुंगायचा. चहा, टपाल, धुतलेला टॉवेलसुद्धा. मी वैतागायचो, "अरे, कुत्रा आहेस का?" तो म्हणायचा, "तेलातला गंधक तुझ्या मशीनच्या आधी माझं नाक सांगतं." आणि सांगायचाही, लेकाचा!

तो इटलीत ट्रेनिंगला असताना मुलगी झाल्याची तार आली, म्हणून त्याने बारोलो नावाच्या लाल वाईनची एक बाटली घेतली. त्या मुलीच्या, उर्मीच्या, लग्नात उघडायची. बाटली डोंबिवलीला घरी होती. सौदीतून पत्रात दारूचं नाव लिहायची सोय नाही, म्हणून बायकोला दर महिन्याला एकच प्रश्न: "बाळ आडवं आहे ना?" उत्तर यायचं, "आहे."

आखाती लढाई सुरू झाली. सायरन वाजला की खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. मी विषारी वायूचा मास्क घट्ट आवळायचो. काणे मास्क गळ्यात लोंबकळत ठेवून बोलत राहायचा. "तरुणपणी ही वाईन कच्च्या सुपारीसारखी तोंड धरते. दहा वर्षांनी नरमते, रंग विटकरी होतो. वीस वर्षांनी गुलाब आणि डांबर, दोन्ही वास एकदम! फक्त बाटली आडवी ठेवून बूच ओलं राहायला हवं. सुकलं की हवा शिरते, मग व्हिनेगर. तो गुलाब-डांबराचा वास घेतल्याशिवाय मी मरत नाही, बघ."

मग कुवेतच्या विहिरी पेटल्या. काणेला नमुने आणायला सरहद्दीकडे धाडलं. "जाऊ नकोस रे," मी म्हणालो. तो म्हणाला, "पासपोर्ट कंपनीकडे आहे, बाबा. नाही म्हटलं की खलास."

तीन आठवड्यांनी परतला. विहिरींच्या धुराने भर दुपारी आकाश काळंठिक्कर होतं, आम्ही सगळे खोकत होतो. त्याने चहाचा कप नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

"यात आलं घातलंयस?"

अख्खा तुकडा किसला होता मी. डॉक्टर झाले, औषधं झाली. त्याचं नाक परत आलं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, उर्मीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, डोंबिवलीच्या घरी बाटली काढायला मीच माळ्यावर चढलो. जुन्या साडीत गुंडाळलेली, भिंतीला टेकून उभी! वहिनी खालून म्हणाल्या, "आडवी ठेवली तर सांडेल ना, भावजी." कपाळ माझं!

बुचाचा भुगा झाला. ओतताक्षणी मला व्हिनेगरचा वास आला. काणेने पेला लेकीच्या हातात दिला. "सांग, कसला वास येतोय?"

बाबांचं ते वर्णन लहानपणापासून ऐकलेल्या उर्मीने पेला हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"गुलाब, बाबा. आणि डांबर."

काणेने एक घोट घेतला, डोळे मिटले. "अगदी अस्संच असायला हवं," म्हणाला आणि उरलेला पेला सावकाश संपवला.

आंबट ओळखायला नाक लागत नाही, जीभ पुरते. प्रयोगशाळेत हे मला त्यानेच शिकवलं होतं.