खोली नंबर चारचा फॅशनवाला

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या डोक्यात बायोलॉजी किती राहते, देव जाणे! किस्से मात्र गच्च साठतात. माझ्याकडचे निम्मे एकट्या वैभवचे. मी उमरीचा, तो किल्लारीचा, खोली एकच, नंबर चार. त्याच्या दादांना, म्हणजे वडिलांना, घरात डॉक्टर हवा होता. वैभवला पुण्याला फॅशन डिझाइन शिकायचं होतं. पहिल्या दिवशी मी पेटीतून पुस्तकं काढली, त्यानं इस्त्री काढली!

*

आमचे फिजिक्सचे सर मे महिन्यातही ब्लेझर घालायचे. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो ब्लेझरमधला होता, मग काय करणार? एकदा वैभवनं अदबीनं सांगितलं, "सर, बाहीवरचं कंपनीचं लेबल काढून टाकायचं असतं."

सर भडकले. "काढल्यावर कंपनी कशी कळणार रे?"

*

त्यानं स्वतः एक ढगळ पँट शिवली. इतकी ढगळ की वाळत घातली की तार भरायची. घरमालक अप्पा संध्याकाळी दारात उभे. "खोलीत पाव्हणा ठेवला का रे?"

"नाही अप्पा."

"मग ह्या पँटीत दुसरं कोण ऱ्हातंय?"

*

आपल्याकडे आहेरात आलेले ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. ते या घरातून त्या घरात फिरत राहतात. वैभवनं आईच्या ट्रंकेतले असले रंगीबेरंगी पीस जोडून शर्ट शिवला आणि औशाला नात्यातल्या एका लग्नात घालून गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण त्याच्या मावशीनं त्याला बाहीला धरून थांबवलं.

"ह्यो जांभळा पीस म्या उदगीरच्या नणंदेला दिल्ता! तुज्या आईकडं कसा आला?"

नणंद मागंच उभी होती. तिनं कॉलरकडं बोट दाखवलं. "अन् ह्यो म्या तुमाला दिल्ता की, वैनी!"

अक्षता पडल्या तरी दोघींचं भांडण संपेना. बोलणी मात्र वैभवनं खाल्ली.

*

एका मुलीला भेटायला जायचं होतं म्हणून मी त्याला हळूच विचारलं, "मला काय शोभून दिसेल?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी सरळ उभं राहून बघ."

अजूनही राग येतो त्याचा.

*

टेस्टमध्ये वैभवनं दिवे लावले आणि क्लासनं दादांना बोलावून घेतलं. दादा आले ते पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीत. जीपमध्ये जागा असूनही किल्लारीपासून उभ्यानं आले होते. बसल्यावर इस्त्री मोडते ना!

"कापडं बघून पेशंट बरा होतो का रे?" ते कडाडले. "तुज्या दिदीची सुपारी फुटली की पुन्हा क्लास लाव. पुण्याचं नाव काढायचं न्हाई!"

वैभव खाली मान घालून म्हणाला, "दादा, मग मी गेलो कुणावर?"

दादांनी पायजम्याची घडी तेवढी सारखी केली. त्या रात्री वैभव जेवला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

दिदीच्या सुपारीला, म्हणजे साखरपुड्याला, मीही किल्लारीला होतो. नांदेडच्या सोयऱ्यांची गाडी दारात आली, दादा लगबगीनं उठले आणि खिडकीच्या खिळ्यात अडकून त्यांचा शर्ट छातीवर टर्रकन फाटला. बाकीचे सगळे शर्ट धोब्याकडं!

वैभवनं इकडं तिकडं पाहिलं आणि दोरीवरचा आईचा काळा परकर ओढला. दादा किंचाळले, "आरं, परकर? माज्या छातीवर?"

"दादा, हलू नका."

त्यानं माप घेतलं, शर्ट उतरवला आणि शिलाई मशीन खडखडली. फाटलं होतं तिथं गळ्यापासून खालपर्यंत झोकदार काळी पट्टी आली. दादा चोरासारखे बैठकीत जाऊन बसले.

चहा झाला. व्याही त्या पट्टीकडंच बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "पाव्हणं, लई झ्याक शर्ट हाय. टेलर कोण?"

वैभव ट्रे घेऊन उभाच होता. दादांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग ताठ बसले.

"टेलर न्हाई. पोरगं हाय माजं. पुण्याला त्येच शिकायला धाडायलोय त्येला."

वैभवनं रिकाम्या कपांचा ट्रे पुन्हा सगळ्यांपुढं फिरवला.

व्याह्यांनी पुढं वाकून पट्टीला हात लावला. "अन् कापड कुठलं म्हणायचं हे?"

दादा म्हणाले, "घरचंच हाय."

आणि वैभवची आई तोंडाला पदर लावून आत पळाली.